आधी मोजावे, मग सोडावे

तुळशीची माळ घातलेल्या माणसाने जमिनीच्या हद्दीवरून शेजाऱ्याशी तंटा करावा का, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला बऱ्याच जणांनी विचारला. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचे उत्तर आधीच तयार होते. "बुवा, वीतभर जागेचे काय घेऊन बसलात? जाताना कोण बरोबर नेणार आहे? द्या सोडून." उरलेल्या निम्म्यांचेही उत्तर तयार होते. "आज वीतभर गेली, उद्या हातभर जाईल. माळ गळ्यात आहे, हात बांधलेले नाहीत. सरळ तक्रार द्या." दोन्हीकडची माणसे माझ्या प्रेमाची, एकाच फडावर बसून भजन करणारी. त्यांच्या दोन उत्तरांच्या मधोमध मी सहा-सात महिने काढले. असा प्रसंग प्रत्येक गावात, प्रत्येक आळीत येतो, म्हणून त्या महिन्यांत जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

शेती करणाऱ्याला 'बांध कोरणे' म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. दरवर्षी नांगराचे एक तास बांधाला घासून घ्यायचे. एका वर्षात ते कोणाला दिसत नाही. दहा वर्षांनी बांध सरकलेला असतो, आणि कोण कधी किती सरकला हे सांगणारी पिढी तोवर निघून गेलेली असते. मग सख्खे चुलत भाऊ कोर्टाच्या पायऱ्या चढतात, एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, मयतीलाही जात नाहीत. कुंपणच शेत खाते अशी आपल्याकडे म्हण आहे. अशा तंट्यात कुंपण शेत तर खातेच, वर दोन घरांची माणसेही खाते.

आमचे माजिवडे आता शेतीचे गाव राहिलेले नाही. लोक ते नाक्याच्या नावाने ओळखतात. मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, घोडबंदर रस्ता आणि नाशिककडे जाणारा आग्रा रस्ता इथे एकत्र येतात. वर उड्डाणपूल आहे, जवळच मेट्रोचे खांब आहेत. माझ्या लहानपणी इथे भाताची खाचरे होती आणि पावसाळ्यात बांधावरून तोल सांभाळत शाळेत जावे लागे. आता त्या खाचरांवर तीस-तीस मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. पण तहसीलच्या कागदावर गाव अजून 'मौजे माजिवडे, तालुका व जिल्हा ठाणे' एवढेच आहे. सर्व्हे नंबर तेच, हिस्सा नंबर तेच. खाचर गेले तरी त्याची हद्द कागदावर जिवंत आहे. त्यात फुटाफुटाला भाव आला आहे, त्यामुळे पूर्वी ज्या वीतभर जागेत कोणी एरंड लावला तरी चालत असे, तिथे आता कोणी सायकल टेकवली तरी खिडक्या उघडतात.

आमच्या घरामागे वडिलोपार्जित तीनेक गुंठे जागा उरली आहे. तिला लागून शेजाऱ्यांचे घर. दोन्ही घरांच्या मध्ये निवडुंग आणि अडुळशाचे जुने कुंपण होते, मागच्या टोकाला शेवग्याचे झाड आणि रस्त्याच्या टोकाला हद्दीचा दगड. रस्त्याकडेच्या गटाराचे काम झाले तेव्हा तो दगड उखडला गेला आणि पुन्हा जागेवर बसला नाही. मागल्या वैशाखात शेजारच्या मुलांनी जुने कुंपण तोडून लोखंडी अँगल रोवले आणि पत्रे ठोकले. आमच्या हिशेबाने ते पत्रे आमच्या जागेत अडीच फूट आत आले होते. कुंपणाची लांबी ४४ फूट. म्हणजे ११० चौरस फूट, जवळजवळ गुंठ्याचा दहावा भाग. त्यांच्या हिशेबाने एक बोटही आत आलेले नव्हते. त्यांचे आजोबा सांगत, हद्द शेवग्याच्या अलीकडून जाते. आमचे आजोबा सांगत, शेवगा आपला, हद्द त्याच्या पलीकडून जाते. दोन्ही आजोबा आता साक्ष द्यायला नाहीत.

हे शेजारी कोण, तेही सांगायला हवे. त्यांना मी दादा म्हणतो. माझी आई आजारी असताना दादांच्या आईने, आमच्या काकींनी, मला महिनाभर आपल्या घरी जेवू घातले आहे. दादा एकादशीच्या भजनात मृदंग वाजवतात, मी टाळ घेऊन चाल धरतो. त्यांच्या हाताने ठेका धरला नाही तर माझा अभंग उभाच राहत नाही. पत्रे लागल्यानंतरच्या पहिल्या एकादशीला भजन झाले, आरती झाली आणि रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडले. आपल्या पंथाची ही केवढी मोठी शिस्त आहे. वय पाहायचे नाही, जात पाहायची नाही, कोण बुवा आणि कोण श्रोता तेही पाहायचे नाही. समोर आला त्याच्या पायावर डोके ठेवायचे. मी दादांच्या पाया पडलो, दादा माझ्या पाया पडले. दोघांचीही नजर सतरंजीवर होती. घरी आलो तेव्हा मुलगा मोबाइलवर वकिलाचा नंबर शोधत बसला होता.

ज्याच्या पायावर रात्री डोके ठेवले त्याला सकाळी नोटीस कशी पाठवायची? आणि नोटीस पाठवायची नाही म्हणून मनात राग धरून पायावर डोके ठेवत राहायचे, तर तो नमस्कार तरी खरा कसा? माझी अडचण ही होती. "द्या सोडून" म्हणणाऱ्यांना वाटे, मी लोभात अडकलो आहे. पण जागा सोडल्याने राग सुटेल याची खात्री मला वाटत नव्हती. ओठांनी सोडलेले आणि मनात धरून ठेवलेले, असे पुष्कळ सोडणे आपण घराघरांत पाहतो. तीस वर्षांनंतर एखाद्या बारशात ते बाहेर येते.

या अडचणीत मला वारीनेच रस्ता दाखवला. माउलींच्या पालखीबरोबर चाललेल्यांना समाजआरती सांगायला नको. दिवसभराची वाटचाल संपते, पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार आपला दंड उंच करतात आणि गजर थांबतो. हजारो माणसांचा समाज क्षणात शांत होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, चालण्याच्या क्रमात गोंधळ झाला असेल, कोणावर अन्याय झाला असेल, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. सगळे शांत आणि एकाच दिंडीचे टाळ चालू. मग तिला विचारले जाते, तिचे म्हणणे ऐकले जाते, तोडगा निघतो, टाळ थांबतात. त्यानंतर हरवले-सापडले आणि इतर निवेदने होतात आणि मग आरती.

एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला जी शिस्त लावली, ती आजही अशी चालते. मी कित्येक वर्षे हे दृश्य पाहिले होते, पण त्याचा अर्थ गेल्या आषाढीत पुरता लागला. आपला संप्रदाय तक्रार करणाऱ्याला 'तू कसला वारकरी' असे म्हणत नाही. तो तिला जागा देतो आणि वेळ देतो. दिंडी टाळ वाजवून सांगते, शिव्या देऊन सांगत नाही. समाजापुढे सांगते, पाठीमागे कुजबुजत नाही. आणि निवाडा झाला की टाळ थांबतात; दुसऱ्या दिवशी तीच तक्रार घेऊन कोणी चालत नाही. मनातला सल आरतीच्या आधी बाहेर यायला हवा, एवढाच त्याचा अर्थ. तो दाबून म्हटलेल्या आरतीत सूर लागत नाही.

मग "सोडून द्या" या सल्ल्याचे काय? सोडणे ही तर संतांचीच शिकवण. इथे मला तुकोबांच्या चरित्रातली ती प्रसिद्ध गोष्ट आठवली. दुष्काळ, घरची वाताहत, मग भामनाथाच्या डोंगरावरचे दिवस. कान्होबा भाऊ शोधत तिथे पोहोचले, दोघे इंद्रायणीच्या काठी आले आणि घराण्याच्या सावकारीची खतपत्रे बुडवायचे तुकोबांनी ठरवले. ही गोष्ट आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकतो आणि बुडवलेल्या कागदांवर डोळे पुसतो. पण त्याआधीची पायरी बहुतेक वेळा आपल्या ध्यानात राहत नाही. परंपरा असे सांगते की तुकोबांनी आधी कागदांचे दोन वाटे केले. कान्होबांचा अर्धा वाटा कान्होबांच्या हाती दिला. आपल्या वाट्याला आलेला अर्धा तेवढाच इंद्रायणीत सोडला.

एवढ्या वैराग्याच्या घडीला तुकोबांना वाटणी सुचली! सगळेच कागद डोहात टाकले असते तर लोकांनी आणखी मोठा त्याग म्हटला असता. पण भावाच्या हक्काचे बुडवले तर तो त्याग कसला? दुसऱ्याच्या ताटातले उचलून दान केल्यासारखे ते झाले असते. सोडायचे असेल तर आधी आपले कोणते हे कळले पाहिजे. आपले कोणते हे कळायचे असेल तर वाटे झाले पाहिजेत. मोजणी आणि वैराग्य यांत वैर नाही. मोजणी वैराग्याच्या आधीची पायरी आहे.

आमच्या बाबतीत हे अगदी रोकडे होते. सातबाऱ्यावर माझ्या नावाबरोबर माझ्या ताईचेही नाव आहे. २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि आमच्याकडे तो कागदावर लागलेलाही आहे. ताई डोंबिवलीला असते. मी मोठेपणाने ११० चौरस फूट सोडले असते तर त्यातले अर्धे ताईचे सोडले असते. गावाने मला संत म्हटले असते आणि बिल ताईने भरले असते. तिला फोन केला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आधी किती आहे ते बघ. मग द्यायचं की ठेवायचं ते बसून ठरवू."

मोजणीचा अर्ज करण्याआधी मी दादांच्या ओटीवर गेलो. अर्ज केला की भूमी अभिलेख कार्यालय लगतच्या सगळ्या धारकांना नोटीस काढते, तसा नियमच आहे. तोंडी शब्द पोहोचण्याआधी टपालाने कागद पोहोचला, तर तो कागद माणसाला आव्हान वाटतो. म्हणून मी म्हटले, "दादा, मोजणी घालतोय."

"म्हणजे आमच्यावर केस?"

"केस नाही. गटाराच्या कामात दगड हरवलाय, तो शोधायचाय. तुमचाही तोच आणि माझाही तोच."

दादा काही बोलले नाहीत. त्यांच्या मुलाने मान फिरवली. आतून काकींचा आवाज आला, "मोजू दे रं. कोनाचा आजा खरा बोलत व्हता त मना पन बघाचा हाय."

मोजणीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पुष्कळांना तिची धास्ती वाटते. आपल्याकडच्या आजच्या मोजणीचे मूळ ब्रिटिश अमदानीतले आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात ही पद्धत बसवायला सुरुवात केली आणि पुढे ती सगळ्या मुंबई इलाख्यात पसरली. हे तेच इंदापूर, जिथे तुकोबांच्या पालखीचा मुक्काम पडतो आणि गोल रिंगण होते. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणायचे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. 'सोळा आणे खरे' असे आपण रुपयावरून म्हणतो. जमिनीच्या साखळीलाही तेवढेच आणे असतात. त्या वेळी मोजणाऱ्यांनी शेताच्या कोपऱ्यांवर दगड रोवले, जागोजाग टिपणे लिहून ठेवली. आजचा भूकरमापक साखळीऐवजी तिपाईवरचे इलेक्ट्रॉनिक यंत्र किंवा उपग्रहावर चालणारा रोव्हर घेऊन येतो, पण पडताळणी मात्र कार्यालयातल्या जुन्या टिपणांशी आणि फाळणी नकाशांशीच करतो. दगड हरवला तरी दगडाची आठवण दप्तरात शाबूत असते.

हद्दीच्या खुणा सांभाळणे हे जमीनधारकाचेच काम आहे आणि त्या जाणूनबुजून मोडणाऱ्याला दंड होऊ शकतो, असे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ सांगतो. त्या दगडाला शेंदूर फासायची गरज नाही, पण तो दोन घरांचा मुका साक्षीदार असतो एवढे तरी मानावे.

आमची मोजणी मार्गशीर्षात झाली. या प्रकाराला 'हद्द कायम' मोजणी म्हणतात. दोन्ही घरची माणसे, आळीतले दोन-चार जाणते, फोनवर ताई, आणि पायरीवर खुर्ची टाकून काकी. दादांचा मुलगा आपल्या सातबाऱ्याची प्रत घेऊन आला, हे मला फार बरे वाटले. दोन तास कोणी मोठ्याने बोलले नाही. भूकरमापकांनी पुढच्या टोकाला खूण केली. पत्रे आमच्या जागेत १ फूट ९ इंच आत होते. जसजसे मागे जावे तसतसे अंतर कमी होत गेले, एका जागी हद्द आणि पत्रे एकमेकांना भेटले, आणि त्याच्या मागे चित्र उलटले. आम्ही तीन पिढ्या आपला समजत आलो तो शेवगा बुंध्यासकट दादांच्या जागेत निघाला.

जुने कुंपण मुळातच तिरके होते. आमचे आजोबा पुढच्या टोकापुरते खरे बोलत होते, त्यांचे आजोबा मागच्या टोकापुरते. दोघांपैकी खोटे कोणीच बोलले नव्हते. दोघे आपापल्या टोकाला उभे राहून तेवढीच हद्द पाहत होते. काकींना हे सांगितले तेव्हा त्या एवढ्या हसल्या की सगळेच हसले. वैशाखानंतर त्या अंगणात पहिल्यांदा कोणी हसले होते.

म्हणून तंटा त्याच दिवशी मिटला असे मात्र नाही. मोजणी हद्द दाखवते; पत्रे हलवणे हे तिचे काम नाही आणि मालकीचा वाद सोडवणे हेही नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे. मोजणी मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते, तिला निमताना म्हणतात. तीही मान्य नसेल तर सुपर निमताना. दादांच्या मुलाने निमतान्याचा विचार बोलून दाखवला. त्याचा तो हक्कच होता, म्हणून मी काही बोललो नाही. आमच्या मुलाला मात्र वाटत होते की आता आपल्या हाती कागद आला, उद्याच पोलीस ठाण्यात जावे. त्याला मी म्हटले, कागदाची शाई वाळू दे. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी नटबोल्टचा आवाज आला म्हणून बाहेर पाहिले, तर दादा स्वतः पाना घेऊन पुढच्या अँगलचे नट सैल करत होते. मी दुसरा पाना घेऊन गेलो. दुपारपर्यंत पत्रे खुणेवर आले. मागच्या बाजूला तेच पत्रे आमच्याकडे थोडे पुढे सरकले आणि शेवगा त्यांच्याकडे गेला.

यानंतर ताई एका रविवारी आली. पुढच्या बाजूला मिळालेली ती पावणेदोन फुटांची पट्टी तिने पाहिली. काकी देवळात जातात त्या याच पट्टीवरून, कारण पलीकडून गेले तर गटाराच्या उंच झाकणावरून चढ-उतार करावी लागते आणि मोटारसायकली अंगावर येतात. ताई म्हणाली, "जागा आपली आहे हे आता कळलं. आता काकींची वाट मी देते. कुंपणात फाटक ठेव. पण कागदावर लिही."

ताईने दिले आणि मी दिले, तेही मोजून मिळालेल्यातून. वैशाखात हेच दिले असते तर दादांच्या घरी कोणी त्याला देणे म्हटले नसते, कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे ती जागा त्यांचीच होती. आणि आमच्या घरी त्याला हार म्हटले असते. हद्द कळल्यावर तीच पावणेदोन फूट जागा काकींसाठी वाट झाली. लिहून ठेवण्याचेही कारण आहे. २० वर्षे कोणी हक्काने, बिनअडथळा एखादी वाट वापरली तर तिच्यावर वहिवाटीचा हक्क सांगता येतो. परवानगीने दिलेल्या वाटेला ते लागू होत नाही. म्हणून एका साध्या कागदावर 'परवानगीने' हा शब्द घालून दोन्ही घरांनी सह्या केल्या. आज आमच्यात प्रेम आहे म्हणून कागद नको, असे आपल्याकडे म्हणतात. माझे मत उलटे आहे. प्रेम आहे तेव्हाच कागद करावा, कारण तेव्हा तो गोड शब्दांत लिहिला जातो. आणि तो नातवंडांसाठी असतो, आपल्यासाठी नसतो.

संतचरित्रांत भिंतीच्या दोन गोष्टी आहेत. चांगदेव वाघावर बसून आले तेव्हा ज्ञानोबा माउली भावंडांसह भिंतीवर बसून त्यांना सामोरे गेले, भिंत चालली. आळंदीला आपण त्या भिंतीचे दर्शन घेतो. दुसरी गोष्ट चोखोबांची. मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. ज्या कुसाने त्यांना जन्मभर बाहेर ठेवले, त्याच कुसाच्या कामात त्यांचा देह पडला. नामदेवरायांनी अस्थी आणून महाद्वारी समाधी दिली. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात असे मला वाटते. माणसामाणसांत उभी राहिलेली भिंत माणसाला मारते. भेटीला निघालेली भिंत मात्र चालू लागते. जमिनीची हद्द मोजून पक्की करावी, कारण तिच्यातली संदिग्धताच पुढे माणसांतली भिंत होते. हद्द पक्की झाली की तिच्यात फाटक ठेवता येते. जी कुठे आहे तेच माहीत नाही, तिच्यात फाटक कुठे ठेवणार?

आता ज्यांच्या दारात असा तंटा उभा आहे त्या वाचकांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, शेजारी कुंपण घालतो आहे असे दिसले तर त्याच दिवशी, प्रेमाने, जाऊन बोलावे. मालकी असूनही १२ वर्षे गप्प बसले तर कायद्यात आपली बाजू लंगडी होऊ शकते. दुसरी, बोलण्याआधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि जुना मोजणी नकाशा काढून पाहावा, नुसत्या ऐकीव गोष्टींवर भांडू नये. तिसरी, मोजणीच्या दिवशी दोन्ही घरांनी हजर राहावे, खुणा डोळ्यांनी पाहाव्यात, त्यांचे फोटो काढावेत, आणि मोजणी झाल्यावर मिळणारी नकाशाची 'क' प्रत जपून ठेवावी. चौथी, ज्यांची ज्यांची नावे उताऱ्यावर आहेत त्या सगळ्यांना, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या बहिणींना, विचारल्याशिवाय काही देऊ नये आणि काही घेऊ नये.

जे वाचक शेती करतात त्यांच्यासाठी आणखी एक. कित्येक गावांत एकाच्या नावची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याच्या नावची पहिला, पिढ्यान्‌पिढ्या. अशा शेतजमिनींची अदलाबदल करून कागद सरळ करण्यासाठी शासनाने जानेवारी २०२३ मध्ये एक योजना आणली. असा परस्पर ताबा किमान १२ वर्षांचा असावा लागतो, तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात, आणि मुद्रांक शुल्क १००० रुपये व नोंदणी फी १००० रुपये एवढ्यावर अदलाबदल दस्त नोंदवता येतो. योजनेचे नाव 'सलोखा'. सरकारी कागदावर इतका चांगला शब्द क्वचित सापडतो. आपल्याला ती लागू होते का, हे तलाठ्याकडे जाऊन विचारावे.

आमच्याकडे आता कसे आहे असे कोणी विचारेल. दादांचा मुलगा अजून मोजकेच बोलतो. त्याने पत्र्यांवर केलेला खर्च, उन्हात केलेली मेहनत, सगळे पुन्हा उपसावे लागले. त्याला वेळ लागणारच. शेवग्याच्या शेंगा दादांच्या जागेत लागतात आणि दरवर्षीप्रमाणे आमच्या आमटीत पडतात, फक्त आता त्या पिशवीतून येतात. एकादशीच्या भजनानंतर पाया पडताना नजर वर असते.

आषाढी जवळ आली आहे. वारीला निघण्याआधी आपण घरचा निरोप घेतो, देवाला नारळ ठेवतो, पिशवी भरतो. ज्यांच्या कुंपणापाशी असा अबोला असेल त्यांनी निघण्यापूर्वी एकदा शेजारच्या ओटीवर बसून यावे. अर्ज परत आल्यावरही करता येतो.

राम कृष्ण हरी.